स्ट्रूपचं कार्ड आणि गोव्यातला ‘तांबडा’

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला स्ट्रूप आला (रंगाचं नाव न वाचता ते ज्या शाईत छापलंय तिचा रंग सांगायचा, असा प्रयोग) की बहुतेक जण तयार इंग्रजी कार्ड छापून मोकळे होतात. गोव्यात असं करू नये, असं मला ठामपणे वाटतं. इथे कुणाची प्राथमिक शाळा मराठी, कुणाची कोंकणी, पुढे सगळं इंग्रजी. कुठल्या लिपीतला शब्द समोरच्याच्या डोळ्यांत आपसूक शिरतो, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि सगळा प्रयोग त्या आपसूक वाचण्यावरच उभा आहे. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली छापलेले आकडे बघा: १०० चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद, भलत्याच रंगाचं नाव लिहिलेल्या १०० शब्दांची शाई सांगायला ११०.३.

देवनागरी कार्ड केलं तरी ‘लाल’ अडतोच. कार्डावर ‘लाल’ असतं आणि प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतो तो) म्हणतो ‘तांबडा’, नाहीतर कोंकणीत ‘तांबडो’. हिरव्याला ‘पाचवो’. छापलेला शब्द उत्तरांतला नसला की अडथळा कमी होतो, वेळ कमी भरतो आणि जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, ‘प्रयुक्ताचे अवधान चांगले’ असा चुकीचा निष्कर्ष उतरतो. म्हणून आधी चार रंगीत तुकडे दाखवून नावं त्याच्याच तोंडून घ्यावीत. मराठी आणि कोंकणी असे दोन संच तयार असले की त्याच्या नावांशी जुळणारा काढता येतो. लाल-हिरव्यात गोंधळणाराही बऱ्याचदा इथेच लक्षात येतो.

दहा ओळी, ओळीत दहा शब्द. पिवळा नको, पांढऱ्या कागदावर तो दिसत नाही. एकच शाई लागोपाठ नको. एका शब्दात लिहिलेला रंग पुढच्याची शाई असेल तर तिथे जास्तच अडखळायला होतं, तेही टाळा. लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली चमकतं, आणि पावसाळ्यात दमट कागदावर इंकजेटची शाई पसरते. लेझर प्रिंट घ्या.

निम्म्यांना रंगीत चौकोनांचं कार्ड आधी, निम्म्यांना शब्दांचं आधी. नाहीतर सराव आणि थकवा निकालात मिसळतात. ‘सुरू’ म्हणताच स्टॉपवॉच दाबा. चूक झाली तर तिथेच सुधारायला लावा, पण घड्याळ थांबवू नका. चुका वेगळ्या मोजा. मधूनच वेग वाढला तर प्रयुक्ताने डोळे बारीक करून अक्षरं धूसर केली असण्याची शक्यता असते. मध्ये टोकू नका, संपल्यावर विचारा आणि त्याच्याच शब्दांत अंतर्निरीक्षणात (प्रयुक्ताला आतून काय जाणवलं, त्या नोंदीत) लिहा.

वर्गातली मुलं प्रयुक्त म्हणून घेऊ नयेत. त्यांना अपेक्षित निकाल पाठ असतो. कॉमर्सचं कुणीतरी शोधा आणि बसवतानाच सांगा, ‘ही तुझी परीक्षा नाही.’ तरीही अडखळलेली मुलं ओशाळतात. त्यांना तसंच उठू देऊ नका. तेच कार्ड उलटं धरा, शिरोरेषा खाली जाईल असं, आणि पुन्हा दोन ओळी सांगायला लावा. वाचणं अवघड झालं की रंग सांगणं सोपं जातं, आणि ते का, हे मग समजावून सांगा.