आमची वाटचाल: डोळ्यांवरच्या पट्टीपासून मोजपट्टीपर्यंत

शाळेतल्या मुलांना समानुभूती, समावेशन आणि शांतता अनुभवातून शिकवायची, एवढ्या एकाच कामावर आमची छोटी फर्म उभी आहे. सुरुवातीला आमच्या साहित्याच्या पेटीत डोळ्यांवर बांधायच्या ३० पट्ट्या होत्या. आज तिच्यात एकही नाही. त्यांच्या जागी मोजपट्ट्या, पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल आणि खडू आले.

पट्टीचा खेळ दिसायला सोपा. २० मिनिटं डोळे बांधून चालायचं, मग ‘अंध व्यक्तीला कसं वाटत असेल’ यावर बोलायचं. पण २० मिनिटांत कळतो तो दृष्टी गेल्याचा फक्त पहिला धक्का. पांढरी काठी चालवणं, आवाजाच्या पडसादावरून भिंत ओळखणं, ब्रेल वाचणं, ही वर्षानुवर्षं कमावलेली कौशल्यं त्यात येतच नाहीत. मुलं बाहेर पडतात ती ‘आपलं असं होऊ नये रे बाबा’ म्हणत. ही भीती झाली, फार तर कणव. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासातही हेच दिसलं: अपंगत्वाच्या नकली अनुभवानंतर कणव वाढली, सोबत असहायपणाही वाढला, अपंग व्यक्तींशी वागण्याबोलण्याबद्दलचा दृष्टिकोन मात्र सुधारला नाही.

अंधार वापरूच नये असं नाही. आन्द्रेआस हाइनेके यांनी १९८८ साली जर्मनीत सुरू केलेल्या ‘डायलॉग इन द डार्क’ या प्रदर्शनात काळोख असतोच, पण वाटाड्या अंध असतो. तिथे जाणता तो, अडखळणारे आपण. कमाल काळोखाची नाही, भूमिका उलटल्याची आहे. वर्गाला पडदे लावून तसा काळोख होत नाही आणि अर्धवट अंधारात नुसता दंगा होतो. म्हणून आम्ही काळोख सोडला आणि भूमिकांची अदलाबदल ठेवली.

आता सत्र घेते ती व्हीलचेअर वापरणारी प्रशिक्षक, इतर प्रशिक्षकांइतक्याच मानधनावर. ‘तुम्हाला काय झालं?’ हा प्रश्न सत्रात नसतो; प्रश्न इमारतीला विचारायचे. पाच-पाच जणांचे गट मोजायला निघतात. उताराला प्रमाण १:१२ धरायचं, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीसाठी किमान १८० सेंमी लांब रॅम्प. असलेला रॅम्प तपासायला एक मीटरची सरळ फळी त्यावर ठेवून तिचं उताराकडचं टोक लेव्हल समपातळी दाखवेपर्यंत उचलायचं. टोकाखाली ८.३ सेंमीपेक्षा जास्त पोकळी पडली तर उतार जास्त तीव्र. व्हीलचेअर वळवायला १५० सेंमी व्यासाचं वर्तुळ लागतं. ते शौचालयात खडूने काढायचं. बहुतेक ठिकाणी ते भिंतीवर चढतं! दाराला ९० सेंमी मोकळी रुंदी धरतो. इथे नेहमीची चूक म्हणजे मुलं चौकट मोजतात, दार उघडल्यावर दाराच्याच जाडीने खाल्लेली जागा वजा करत नाहीत. शेवटी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते. अडचण माणसात नाही, बांधकामात आहे, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

समावेशनाचा दुसरा भाग जिगसॉ पद्धतीचा. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये, वर्णभेद मोडून एकत्र आणलेल्या शाळांमधला तणाव कमी करायला, मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. पाच जणांचा गट, धड्याचे पाच तुकडे, प्रत्येकाकडे एकच. समान तुकडा असलेले आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. हा मधला टप्पा वेळ वाचवायला गाळला की संथ वाचणारं मूल गटासमोर उघडं पडतं आणि खेळ उलटा फिरतो. एक मूल गैरहजर असेल तर तुकडाच गायब, म्हणून प्रत्येक तुकड्याची जादा प्रत सत्र चालवणाऱ्या सुलभकाकडे हवी. गट मुलांना निवडू देऊ नयेत. कंपू आहेत तसे राहतात. वेगवेगळे गट एकत्र आल्यावर पूर्वग्रह कमी व्हावेत म्हणून मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली सांगितलेल्या चार अटी इथे लागू पडतात: समान दर्जा, सामाईक ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा. चौथी अट सर्वात जास्त मोडते, कारण वर्गशिक्षक सत्राच्या वेळी वह्या तपासत बसतात.

शांततेच्या सत्राचं बीज व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली दिलेल्या एका उदाहरणात आहे. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. उघडली ती शेजारच्या रिकाम्या खोलीतली, कारण एकाला हवा हवी होती आणि दुसरीला फक्त अंगावर वारा नको होता. आम्ही जोड्यांना असे वाद चिठ्ठ्यांवर देतो. प्रत्येकाला फक्त आपली खरी गरज माहीत. मुलं मिनिटभरात ‘निम्मं-निम्मं’वर येतात, कारण न्याय म्हणजे वाटणी हेच पक्कं बसलेलं. म्हणून पहिली चार मिनिटं तोडगा सुचवायला बंदी, फक्त प्रश्न विचारायचे.

प्रत्येक खेळानंतरचा डीब्रीफ, म्हणजे अनुभवावरची चर्चा, खेळाच्या दुप्पट वेळेचा: २० मिनिटांना ४०. वर्तुळात जास्तीत जास्त १२ जण. प्रश्नांचा क्रम: काय घडलं, काय वाटलं, असं का झालं, पुढे काय करणार. ‘काय शिकलात?’ने सुरुवात केली की सुविचार ऐकायला मिळतात. प्रश्नानंतर मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. नवा सुलभक तिसऱ्यालाच स्वतः उत्तर देऊन बसतो. न बोलण्याची मुभा सगळ्यांना, कारण न देता.

९० मिनिटांची सहा सत्रं, आठवड्याला एक, २४ मुलांमागे दोन सुलभक: हा आमचा सगळ्यात लहान कार्यक्रम. सभागृहात दोनशे मुलांसाठी एका दिवसाचं शिबिर करत नाही. त्या दिवशीचे अभिप्राय छान येतात, पण त्यांवरून आम्ही काही ठरवत नाही. सत्रं संपल्यावर सहा आठवड्यांनी मधल्या सुट्टीत कोण कोणाजवळ बसतं, याचा नावांशिवाय नकाशा काढतो आणि पहिल्या सत्राआधी काढलेल्या नकाशाशेजारी ठेवतो. ‘कोण आवडत नाही?’ असं मुलांना कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाने एकटं पडलेलं मूल आणखी एकटं पडतं. नकाशात एकटे ठिपके तेवढेच राहिले तर पुढची सत्रं त्याच वर्गाला, नव्याने गट पाडून.