अस्थी, सांधे आणि स्नायूंची तपासणी: नवजात बाळापासून आजीपर्यंत

बी.एस्सी. नर्सिंगला शारीरिक तपासणी शिकताना अस्थी, सांधे आणि स्नायूंच्या तपासणीचा क्रम पाठ व्हायला वेळ लागत नाही. आधी निरीक्षण, मग हाताने चाचपणे, त्यानंतर सांध्यांची हालचाल आणि शेवटी स्नायूंची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत नोंदवणे. कोणत्या वयात काय स्वाभाविक मानायचे हे मात्र पाठांतराने येत नाही, आणि माझा बहुतेक वेळ तेच शिकण्यात गेला.

प्रसूतीनंतरच्या वॉर्डात नवजात बाळाच्या खुब्याची तपासणी मी प्रथम केवळ पाहिली. बाळ शांत असताना, कठीण पृष्ठभागावर, एका वेळी एकच खुबा तपासायचा असतो. बार्लो चाचणीत वाकवलेली मांडी आत आणून हलकेच मागे दाब देतात व खुबा निसटतो का ते पाहतात. ऑर्टोलानी चाचणीत मांडी बाहेर फाकवत निसटलेला खुबा परत बसताना हाताला जाणवतो का, याकडे लक्ष असते. साधारण तीन महिन्यांनंतर या चाचण्यांवर विसंबता येत नाही. मग एक मांडी कमी फाकते का आणि दोन्ही गुडघे सारख्या उंचीवर येतात का, हे महत्त्वाचे ठरते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून गुंडाळण्याची पद्धत खुब्यासाठी हानिकारक आहे, तर पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली सवय उलट चांगली. माझ्या मते हे बाळंतिणीला आणि विशेषतः तिच्या सासूला आवर्जून सांगायला हवे.

बालरोग विभागात धनुष्यासारखे वाकलेले पाय घेऊन आलेल्या मुलांच्या आया घाबरलेल्या असत. सुमारे दोन वर्षांपर्यंत असा बाक बहुधा स्वाभाविक असतो, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे आत झुकतात आणि सात वर्षांच्या आसपास पाय सरळ होतात. परंतु एकाच पायाला बाक असेल, तो वाढत असेल किंवा मनगटे रुंद झालेली दिसली, तर मुडदूस आणि इतर कारणांचा विचार करून डॉक्टरांना कळवावे लागते. शाळकरी मुलांना पुढे वाकवून पाठीची एक बाजू उंच दिसते का, एवढे पाहिले तरी कण्याचा बाक ओळखण्यास मदत होते. गर्भवतीच्या कंबरेचा वाढलेला बाक आणि डुलती चाल मात्र बहुधा स्वाभाविकच.

वृद्धांची तपासणी मला सर्वांत आवडली. ‘आजी, मांडी घालता येते का? खाली बसून उठता येते का?’ या दोन प्रश्नांतून गुडघ्यांविषयी जे कळते, ते केवळ कोनमापकाने कळत नाही. त्यानंतर खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, ही चाचणी. बारा सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरतात. नेहमीची काठी वापरू द्यायची असते. उठताना घेतलेला हातांचा आधार, पावलांची लांबी आणि वळताना जाणारा तोल यांचीही नोंद करायची असते; केवळ सेकंद लिहिलेले कागद आमच्या मॅडम परत करीत, आणि ते योग्यच होते.