कपाट नंबर सहाचा फोटो

"ताई, कपाट नंबर ६, तिसरा कप्पा पाठवा." दर रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला आमच्या वाचनालयाच्या फोनवर असा मेसेज येतो, कपाटाचा नंबर तेवढा बदलतो. पाठवणारे आप्पा, वय ८४, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले आणि पन्नास वर्षांपासूनचे सभासद. आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, बावीस पायऱ्या, त्याही जुन्या दगडी आणि उंच, आणि चार वर्षांपूर्वी आप्पांचे दोन्ही गुडघे कामातून गेले. मग नातू यायला लागला, "आजोबा म्हणाले काहीतरी चांगलं द्या" एवढंच सांगायचा, ताई अंदाजाने एक पुस्तक काढून द्यायच्या आणि ते नेमकं आप्पांचं वाचून झालेलं निघायचं. असं तीन-चारदा झालं आणि नातवाचं येणं थांबलं. वर्गणी मात्र महिन्याच्या महिन्याला येत होती. माणूस वर्गणी भरतोय आणि पुस्तक नेत नाहीये, हे मला फार लागलं.

एक दिवस ताईंनी, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, सहज एका कपाटाचा फोटो काढून आप्पांना पाठवला. पाच मिनिटांत तोच फोटो परत आला, त्यातल्या दोन पुस्तकांभोवती लाल रंगाने गोल काढलेले. आप्पा दोन बोटांनी फोटो मोठा करून पुस्तकांच्या पाठीवरची नावं एकेक करून वाचतात, जिथे नाव पुसट असेल तिथे "डावीकडून सातवं कोणतं?" असं विचारतात, आणि संध्याकाळी क्लासवरून येताना नातू पुस्तक घेऊन जातो. मला ते फोनवर म्हणाले, "कपाटासमोर उभं राहून निवडण्यात जी मजा असते ना पोरी, ती परत मिळाली बघ."

मी गेली सहा वर्षं या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. तालुक्याच्या गावातलं ब वर्गाचं शासनमान्य वाचनालय, अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं, पगारी माणसं दोन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्याप्रमाणे मिळतं. त्या अनुदानात पगार, वीजबिल, नवी पुस्तकं, सगळं बसवायचं असतं. त्यामुळे आम्ही मोबाईलवर जे काही करतो ते ताईंच्या एका अँड्रॉइड फोनवर आणि महिन्याच्या रिचार्जवर चालतं.

मोबाईलमुळे वाचनालयं बंद पडणार असं मला दर लग्नाकार्यात कोणीतरी ऐकवतंच. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज लिहायला बसलेय.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या गावच्या लायब्ररीचं कार्ड फुकट आहे आणि त्याच कार्डावर ती फोनमधल्या लिबी नावाच्या अ‍ॅपवरून ई-बुक आणि ऑडिओबुक घेते, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे दंड हा प्रकारच नाही. ऐकून मला वाटलं हे तर फारच सोपं, पण खोलात गेल्यावर कळलं की तिथेही एका वेळी एका प्रतीवर एकच वाचक असतो, लोकप्रिय पुस्तकाला महिनोन्‌महिने नंबर लावून थांबावं लागतं, आणि बरेच प्रकाशक लायब्ररीला पुस्तक कायमचं विकतच नाहीत. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने २०११ मध्ये नियम केला होता की एक ई-बुक २६ वेळा दिलं की लायब्ररीने पुन्हा पैसे भरायचे. आमच्या कपाटात अशी पुस्तकं आहेत जी शंभर-शंभर वेळा घरोघर जाऊन आलीत, बाइंडिंग दोनदा बदललंय, आणि अजून जातात. सिंगापूरची पद्धत मला जास्त आवडली, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अ‍ॅपने आपणच पुस्तकाचा बारकोड स्कॅन करायचा आणि पुस्तक घेऊन निघायचं, काउंटरला रांग नाही. कागदाचंच पुस्तक, फक्त मधला वेळ वाचला. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं हेच आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा कुठे होते मोबाईल, पण सूत्र आजही तंतोतंत लागू पडतं.

आमच्याकडे सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपने झाली, दुकानदार वापरतात तेच. त्यात प्रत्येक माणसाच्या चॅटला लेबल लावता येतं. ताईंनी चार लेबलं केलीत, "मागणी", "पुस्तक काढून ठेवलं", "मुदत संपली" आणि "वर्गणी". कोणी नवं पुस्तक मागितलं की मागणीचं लेबल, ते परत आलं की काउंटरमागच्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवायचं आणि मेसेज टाकायचा, दोन दिवसांत न्या. आधी काय व्हायचं, माणूस शेतावरचं काम टाकून बारा किलोमीटरवरून यायचा आणि पुस्तक बाहेर गेलेलं. आता निघायच्या आधी विचारतो. ही एवढी एकच गोष्ट जरी झाली असती तरी मी समाधानी असते.

दिवाळी अंकांच्या वेळी तर फरक डोळ्यांनी दिसतो. आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते आणि पहिले पंधरा दिवस काउंटरवर नुसती झुंबड, दहा अंकांच्या मागे साठ माणसं. आता अंक आले की मुखपृष्ठांचे फोटो टाकतो, ज्याने त्याने आपले पाच पसंतीचे अंक कळवायचे, आणि ताई वहीत क्रम लावतात. हो, वहीतच. वही सोडायची गरज नाही पडली.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. सुरुवातीला आम्ही सगळ्या सभासदांचा एकच ग्रुप केला होता आणि मुदत संपलेल्यांची यादी ग्रुपवरच टाकायचो, नाव आणि पुढे पुस्तकाचं नाव. एका बाईंनी एका आजाराबद्दलचं पुस्तक नेलं होतं. यादी पडली आणि तासाभरात त्यांना तीन फोन, "काय झालंय, कुणाला झालंय?" घरात अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं त्यांनी. त्या वाचनालयात आल्या, काही न बोलता पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि गेल्या. मी आणि ताई दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. जुन्या पद्धतीत कोण काय वाचतंय हे ताईंच्या रजिस्टरमध्ये राहायचं, फोनवर आल्यावर ते गावभर गेलं, आणि गेलं ते आमच्यामुळे. त्याच आठवड्यात ग्रुप बंद केला. आता नव्या पुस्तकांची माहिती ब्रॉडकास्टने जाते, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही, आणि मुदतीचा मेसेज ज्याचा त्याला, पुस्तकाच्या नावाशिवाय, फक्त दाखल नंबर, म्हणजे रजिस्टरमध्ये पुस्तकाला दिलेला क्रमांक. जी वाचनालयं आता सुरू करतायत त्यांनी कृपा करून पहिल्या दिवसापासून असंच करा.

आता खरं अवघड काम. पुस्तकांची यादी.

लोकांना वाटतं अ‍ॅप बनवलं की झालं, आम्हालाही वाटलं होतं. आमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोणाकडून तरी एक सॉफ्टवेअर करून घेतलेलं होतं, दाखल रजिस्टरमधली सात हजार पुस्तकं त्यात भरलेली, सगळे खूश होतो की नुसती फाइल उचलायची आणि मोबाईलवर टाकायची. फाइल उघडली तर एकही अक्षर मराठी नाही, नुसते कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. तेव्हाचं टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या आजच्या पद्धतीत नव्हतं, एका विशिष्ट फॉन्टमध्ये होतं, आणि तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर होता तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. कन्व्हर्टर लावून बघितले, बरंचसं आलं, पण जोडाक्षरं फुटली, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, ऱ्हस्व-दीर्घ उलटेपालटे. शेवटी ठरवलं की सगळं नव्याने भरायचं, अकराच्या अकरा हजार, एकेक पुस्तक हातात घेऊन.

भरायला लागल्यावर दुसरंच निघालं. "कादंबऱ्या" हा शब्द यादीत टाकलाय, दिसतोय, आणि शोधला तर सापडत नाही! आमच्या गावातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा सुट्टीत मदतीला यायचा, त्याने शोधून काढलं. ते जे अर्धं ऱ आहे ना, ऱ्या मधलं, ते दोन पद्धतींनी टाइप होतं. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ वापरून, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. वाचायला दोन्ही अगदी सारखं, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. ॲ चंही तसंच, काही कीबोर्ड एकच अक्षर टाकतात, काही अ वर चंद्र जोडतात. म्हणजे एकीने एका फोनवर भरायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या फोनवर शोधायचं, की पुस्तक कपाटात असून नाही. त्या पोराने मग एक छोटा प्रोग्राम लिहिला जो शोधताना ही रूपं एकच धरतो. ऱ्हस्व-दीर्घही सोडून देतो, कारण शोधणारा माणूस काही शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसलेला नसतो. आणि एक कॉलम वाढवला, पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत, कारण तरुण मुलं तसंच टाइप करतात. वयस्कर बायका तर टाइपच करत नाहीत, कीबोर्डवरचा माईक दाबून लेखकाचं नाव बोलतात, आणि सापडतं. पहिल्यांदा एका आजींचं पुस्तक असं सापडलं तेव्हा त्यांनी फोन शेजारणीला नेऊन दाखवला.

सध्या हे सगळं साध्या गूगल शीटमध्ये आहे. पुढे कोहामध्ये न्यायचा विचार आहे, हे ग्रंथालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं आणि नंतर जगभर गेलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नाव वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण आधी यादी पूर्ण आणि शुद्ध पाहिजे, नाहीतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घाला, घोळ तोच राहणार.

यादी टाइप करण्यावर मी एवढी अडून का बसलेय त्याला अजून एक कारण आहे. मागच्या वर्षी एक मुलगी सभासद व्हायला आली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, जन्मापासून दिसत नाही. तिचा फोन टॉकबॅकवर चालतो, स्क्रीनवर जे लिहिलंय ते फोन मराठीत वाचून दाखवतो, ती इतक्या भरभर ऐकते की मला एक शब्द कळला नाही. ताईंनी कौतुकाने तिला कपाटांचे फोटो पाठवले. तिने शांतपणे फोन आमच्यासमोर धरला, आणि फोन म्हणाला, "फोटो." बस्स. अख्ख्या कपाटाचं तिच्यासाठी एवढंच, फोटो.

त्या दिवसापासून फोटोबरोबर यादीही टाइप करून पाठवतो. आप्पांना फोटो लागतो, तिला अक्षरं लागतात, दोन्ही द्यायचं. तिला पुस्तकं वाचायची सोय वेगळी करावी लागली, सुगम्य पुस्तकालय म्हणून २०१६ पासून ऑनलाइन ग्रंथालय आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी, तिथे तिची नोंदणी करून दिली. आणि जे तिथे नाही ते आपण करून देऊ शकतो हे मला आधी माहीतच नव्हतं! २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की दृष्टिहीन व्यक्तीसाठी पुस्तक तिला वाचता येईल अशा रूपात, नफा न कमावता, करून देता येतं. तिच्या अभ्यासाची दोन पुस्तकं आम्ही तिघींनी मिळून फोनवर रेकॉर्ड केली, दुपारी तीन ते चार, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो.

पण याचा अर्थ कोणीही कसलीही पीडीएफ पाठवावी असा नाही. आठवड्याला एकदा तरी कोणीतरी विचारतं, "अमुक नव्या पुस्तकाची पीडीएफ आहे का?" नाही, आणि असली तरी देणार नाही, लेखकाने आणि प्रकाशकाने पोटाला काय खायचं? कायदेशीर आणि फुकट इतकं पडलंय की ते वाचायलाच जन्म पुरणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकं सगळ्यांची होतात, साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर तशीच उतरवून घेता येतात, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं देतं, खरगपूरच्या आयआयटीने केलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचं अ‍ॅप आहे. या सगळ्यांच्या लिंक आम्ही क्यूआर कोड करून जिन्याखालच्या भिंतीवर लावल्यात, पहिल्या पायरीच्या आधी, म्हणजे ज्यांना वर येता येत नाही त्यांनाही खालूनच मिळाव्यात. शेजारी एक मोठा कोड आहे तो आमच्या यादीचा. मला एकच वाटतं, मराठी प्रकाशकांनी आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांना परवडेल अशा दरात नवी ई-बुकं वाचकांना देण्यासाठी द्यावीत, आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, थोडे असतील पण वेळेवर देऊ.

यादीचं काम शनिवारी दुपारी चालतं. एकजण कपाटातून पुस्तक काढून नाव मोठ्याने वाचतं, दाखल नंबर सांगतं, दुसरं टाइप करतं, तिसरं ऱ आणि ॲ तपासतं. ती मुलगी आता तपासायला येते, फोनला यादी वाचायला लावते आणि जिथे उच्चार अडखळला तिथे "थांबा, इथे काहीतरी चुकलंय" म्हणते. आमच्या डोळ्यांतून सुटलेल्या चुका तिला ऐकू येतात. आजवर ७,४०० पुस्तकं झालीत. या शनिवारी कपाट नंबर ६ लागणार आहे, आप्पांना आधीच सांगून ठेवलंय की त्यातली दोन त्यांच्याकडे आहेत, तेवढी पाठवून द्या.