कंसाबाहेरचे ऋणचिन्ह
वयाच्या ४८व्या वर्षी, शाळा सुटल्यानंतर इतक्या वर्षांनी, मी पुन्हा बीजगणित शिकू लागले आहे. वडोदऱ्यातील दांडिया बाजाराजवळच्या आमच्या घरापासून संध्याकाळचा वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शिकवणे गुजरातीत होते आणि वहीत मी मराठीत टिपणे काढते.

परवा फळ्यावर ५ − ३(क्ष − ४) = २ हे समीकरण होते. कंस सोडवताना मी −३क्ष − १२ असे लिहिले आणि उत्तर −३ काढले. सरांनी उत्तर चूक ठरवले नाही, फक्त ते मूळ समीकरणात घालून पाहण्यास सांगितले. डावी बाजू २ ऐवजी २६ आली, तेव्हा ऋण तीनने ऋण चारला गुणल्यावर अधिक बारा होतात, हे विसरल्याचे मला स्वतःलाच दिसले. खरे उत्तर ५ होते. शाळेत हा ताळा मला कोणी करायला लावला असता, तर गणिताची भीती इतकी वर्षे टिकली नसती, असे मला मनापासून वाटते.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हाच नियम धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, या शब्दांत मांडला होता. भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि त्याहून अधिक अज्ञात असल्यास काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. हे कळल्यापासून ‘क्ष’ मला परका वाटत नाही. पुढच्या आठवड्यात दोन चलांची समीकरणे सुरू होतील.