आरशातला नारिंगी दिवा

नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधला पोरगा सनरूफ दोनदा उघडून दाखवतो, मोबाइल जोडून देतो, हार घालून फोटोही काढतो. बाजूच्या आरशाच्या कोपऱ्यातल्या 'ब्लाइंड स्पॉट'च्या, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या, नारिंगी दिव्यावर मात्र "साहेब, बाजूला गाडी आली की हा लागतो" एवढंच बोलून पुढे सरकतो. तो कधी लागतो, कधी लागत नाही आणि लागायला हवा तेव्हा का लागला नाही, हे मालकाने पुणे-सातारा रस्त्यावर आपलं आपण शोधायचं.

दिवा आरशात असला तरी डोळे मागे असतात. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लॅस्टिकच्या आड, तळहाताएवढं एकेक रडार बसवलेलं असतं. जुन्या गाड्यांत २४ गिगाहर्ट्झचं, नव्यांत बहुधा ७७चं. ते बाजूचा एक पट्टा राखतं: गाडीच्या अंगापासून साधारण अर्ध्या मीटरपासून तीन मीटरपर्यंत रुंद, आणि लांबीला आरशापासून मागच्या बंपरच्याही मागे आणखी तीनेक मीटर. या पट्ट्यात काही हलतं दिसलं की दिवा लागतो. त्याच बाजूचा इंडिकेटर दिला असेल तर दिवा लुकलुकतो आणि टीं-टीं वाजतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे या रडारला दिसत नाहीत. लेन एवढी रुंद असेल असं त्याने धरलेलं असतं, बस्स. यंत्रणा ठरावीक वेगानंतरच जागी होते, काही गाड्यांत ताशी १०-१२ किलोमीटरला, काहींत ३० ओलांडल्यावर. साताऱ्यात राजवाड्यापाशी संध्याकाळच्या गर्दीत दिवा गप्प दिसला तर तो बिघडला असं समजू नये.

हायवेवरचा प्रकार वेगळा. आपल्याकडे उजव्या लेनमध्ये कंटेनर ताशी ५०ने निवांत चाललेला असतो आणि बाकी सगळी दुनिया त्याला डावीकडून काढते. म्हणजे डावी बाजू, जी खरं तर संथ वाहनांची, तीच सगळ्यात वेगवान. समजा तुम्ही ६०ला आहात आणि मागून डावीकडून एक ट्रॅव्हल्स १००ने येतेय. फरक ४०चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. बंपरच्या मागचा तीन मीटरचा पट्टा ती पाव सेकंदात पार करते. दिवा लागेपर्यंत बसचं तोंड तुमच्या मागच्या दाराशी. यात रडारचा दोष नाही, पट्टाच तेवढा. काही गाड्यांत याच रडारला मागचे बरेच मीटर पाहायचं काम दिलेलं असतं आणि वेगाने जवळ येणारं वाहन ते आधीच हेरतं. आपल्या गाडीत यातलं काय आहे ते जाहिरातीत नाही, गाडीच्या पुस्तकात कळतं. तिथे 'ब्लाइंड स्पॉट'बरोबर 'लेन चेंज' हे शब्द आहेत का, ते बघायचं.

मोटरसायकल हा आणखी नाजूक विषय. ट्रकची रुंद पत्र्याची मागची बाजू रडारला भरपूर प्रतिसाद देते. मोटरसायकल बारीक, त्यात निम्मा माणूसच, तिच्याकडून परत येणारी लहर क्षीण. ती एकटी असेल तर बहुतेक वेळा दिसते, थोडी उशिरा. पण ट्रक आणि तुमची गाडी यांच्या मधल्या फटीतून घुसली, तर ट्रकच्या मोठ्या प्रतिसादात तिचा लहानगा प्रतिसाद हरवू शकतो. म्हणून दिवा लागला तर त्याचं डोळे मिटून ऐकावं. न लागलेल्या दिव्याचा अर्थ मात्र एवढाच, की त्याला काही दिसलेलं नाही.

उसाचा सीझन सुरू झाला की सांगलीकडे हे फार चांगलं कळतं. पेठ नाक्यावरून आत वळलं की पुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, ताशी २०ने, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला. तुम्ही ६०ने त्याला उजवीकडून काढता. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी इतकी, की आपण पुढे निघालो असं वाटतं तेव्हा ट्रॅक्टरचं बोनेट अजून मागच्या दरवाजाशीच असतं. आणि नेमका इथे दिवा विझलेला असू शकतो. कारण आपण ज्याला झपाट्याने मागे टाकतोय त्याच्याबद्दल उगाच ओरडू नये, असं बऱ्याच यंत्रणांना शिकवलेलं असतं. नाहीतर ओव्हरटेक करताना दर वाहनाला टीं-टीं झालं असतं आणि लोकांनी ती आठवड्यात बंद केली असती. यावर उपाय जुनाच: ट्रॅक्टरचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे यायचं नाही.

याउलट काही जागी दिवा विनाकारण लागतो. रडार वाहनाचा वेग मोजतं. जमिनीच्या हिशोबात जे स्थिर आहे, म्हणजे भिंत, कठडा, खांब, उभ्या गाड्या, ते गाळून टाकतं. सरळ रस्त्यावर ही गाळणी छान चालते. पण यवतेश्वरच्या घाटातल्यासारखं अरुंद, आवळलेलं वळण आलं की आपल्या गाडीचा प्रत्येक कोपरा वेगळ्या वेगाने फिरत असतो, हिशोबात थोडी चूक राहते आणि दगडी कठडाच चालायला लागलाय असं रडारला वाटतं. घाटात असं एखादं टीं सोडून द्यावं. सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावर त्याच बाजूला पुन्हा पुन्हा होत असेल तर मात्र सोडू नये.

'याची सेन्सिटिव्हिटी वाढवता येते का?' हा प्रश्न हमखास येतो. पट्ट्याचा आकार मालकाच्या हातात नसतो. सेटिंगमध्ये फार तर इशारा लवकर हवा की उशिरा, आणि आवाज किती, एवढंच मिळतं. हायवेला 'उशिरा' ठेवण्यात काही शहाणपणा नाही. गावात आवाजाने डोकं उठत असेल तर आवाज कमी करावा, दिवा बंद करू नये. आणखी एक गोष्ट: संध्याकाळी साताऱ्याहून कोरेगावकडे जाताना मावळतीचं ऊन मागून थेट आरशावर पडतं आणि पेटलेला दिवासुद्धा दिसत नाही. तेव्हा तो आवाजच कामाला येतो.

दिव्यापेक्षा आरशांवर जास्त लिहायला हवं खरं तर. बहुतेकांच्या बाजूच्या आरशात एक तृतीयांश स्वतःचीच गाडी दिसते. तिला बघून काय करायचं? १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने आरशांची भूमिती मांडून एक सोपी पद्धत सांगितली. उजव्या स्टिअरिंगसाठी ती अशी: डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्यायचा, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणायचं आणि डावा आरसा तसाच लावायचा. नीट बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. पण मागून येणारं वाहन आतल्या आरशातून निघून बाहेरच्या आरशात येतं आणि तिथून निघता निघता डोळ्याच्या कोपऱ्यात, काचेत. मध्ये हरवत नाही. दिव्याची परीक्षाही यातच होते: कोणी आपल्याला बेताच्या वेगाने ओव्हरटेक करत असेल, तर ते वाहन बाहेरच्या आरशातून निसटायच्या आत दिवा लागलेला असला पाहिजे. रोज उशीर होत असेल तर रडारकडे बघायची वेळ आलीय.

आधी फडक्याने बघावं. कोरडी धूळ रडारला फारशी आडवी येत नाही, पाणी येतं. कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा ओला चिखल बंपरच्या कोपऱ्यावर थापला गेला की लहरी त्यात जिरतात आणि मीटरवर 'सेन्सर ब्लॉक' येतं. ओल्या फडक्याने कोपरे पुसले की झालं. प्रेशर वॉशरचा फवारा तिथे अगदी जवळून मारू नये. कधी बंपर लख्ख असतानाही तोच मेसेज येतो, माणदेशातल्या मोकळ्या रस्त्यावर वगैरे. आजूबाजूला काहीच नसलं की लहर परत येत नाही, आणि गाडीला वाटतं आपलेच डोळे झाकले गेलेत. वस्ती आली की मेसेज आपोआप जातो.

खरा घोटाळा होतो तो डेंटिंग-पेंटिंगमध्ये. मागून कोणीतरी हलकी ठोकर दिली. प्लॅस्टिकचा बंपर लवचिक, तो परत जागेवर येतो. आतला रडारचा ब्रॅकेट वाकलेलाच राहतो. वरून काही कळत नाही. रडार तीन अंश जरी फिरलं तरी ५० मीटरवर अडीच मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे लेनच बदलली. दुसरं, पुट्टी. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर, त्यामुळे रडारपुढच्या प्लॅस्टिकची जाडीसुद्धा हिशोबाने ठरवलेली असते. त्यावर मिलिमीटरभर पुट्टी, मग प्रायमर, मग मेटॅलिक रंगाचे चार हात दिले, की बंपर नवा दिसतो आणि रडार अर्धं आंधळं होतं. कोपऱ्यावर 'आई-बाबांचा आशीर्वाद' चिकटवायचा असेल तर तो मागच्या काचेवर चिकटवावा, स्टिकरच्या चकचकीत थरात धातू असू शकतो. मागे लोखंडी गार्ड तर लावूच नये. आणि कोपऱ्याला मोठी चीर गेली असेल तर बंपर भरून न घेता बदलून घ्यावा, विमा असताना काटकसर कशाला? गाडी सोडताना जॉबकार्डवर 'दोन्ही मागचे रडार, ब्रॅकेट तपासणे, कॅलिब्रेशन' (म्हणजे रडारचा रोख पुन्हा जुळवणं) असं लिहून घ्यायचं. नुसतं 'बंपर पेंट' लिहिलं तर बंपर पेंट होऊनच येतो.