जिप्सीच्या चासीतली वाळू

एसटीच्या कार्यशाळेत 27 वर्षे काढून निवृत्त झाल्यावर मी दापोलीला घरी परतलो आणि तेव्हापासून जुनी गाडी घेऊ पाहणारे ओळखीचे लोक मला सोबत नेऊ लागले. अशा पुष्कळ गाड्या मी पाहिल्या आहेत. पण जानेवारीतल्या एका रविवारी केळशीजवळच्या एका घराच्या खळ्यात पाहिलेली मारुतीची जिप्सी मला बारीकसारीक तपशिलांसकट आठवते.

घेणारा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा होता. आसूदच्या वरच्या अंगाला त्याची हापूसची बाग आहे. तिथवर जाणारी वाट जांभ्याची आणि उभ्या चढाची असून, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचे क्रेट खाली आणायला आणि पाऊस पडल्यावर त्याच वाटेच्या लाल चिखलातून वर चढायला त्याला चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. जिप्सीची त्याची निवड मला पटली होती. 1985 साली आपल्याकडे आलेली ही गाडी लष्कराने वर्षानुवर्षे वापरली. ती वजनाला हलकी आहे, पुढे-मागे पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, उभी असते आणि तिचे काम साध्या गॅरेजमध्येही होते. समोरची गाडी 2006 सालची, 1298 सीसीच्या पेट्रोल इंजिनाची होती. 15 वर्षे झाल्यावर नोंदणीचे 5 वर्षांसाठी नूतनीकरण झालेले होते, चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, कोरलेला नंबर स्पष्ट वाचता येत होता आणि तो आरसीशी जुळत होता.

मुलाच्या मनात एकच धास्ती होती. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वी ही गाडी चिपळूणच्या माणसाकडून घेतली होती. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि तेव्हापासून आमच्या भागात तिकडची जुनी गाडी म्हटली की माणूस आधी पुराचे विचारतो. वाटेत तो मला दोनदा म्हणाला, "काका, ही पुरात होती का, तेवढं मला खात्रीने सांगा."

मी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा ते थंड होते. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवण्याची लबाडी इथे झालेली नव्हती. पहिल्या चावीला इंजिन सुरू झाले, धूर दिसला नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय जमलेली नव्हती. मग मी पुराच्या खुणा शोधू लागलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला; त्यावर पाण्याची रेघ नव्हती. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून वायरिंगच्या टेपच्या घड्या तपासल्या, कारण वाशिष्ठीचा तो तांबूस, पिठासारखा बारीक गाळ एकदा तिथे बसला की दहा वेळा धुऊनही पूर्ण निघत नाही. तिथे फक्त साधी धूळ होती. गालिचा उचलला तर खालचा पत्रा चांगला होता आणि सीटखालचे बोल्ट न गंजलेले होते. गाडीच्या फरशीच्या वर पाणी कधीच आले नव्हते, एवढे मी अर्ध्या तासात ठामपणे सांगू शकत होतो, आणि तसे मी सांगितलेही. मुलाचा चेहरा उजळला. त्याने खिशातून फोन काढून आईला कळवण्याची तयारी केली तेव्हा मी त्याला थांबवले, कारण गाडीचे पोट पाहायचे अजून राहिले होते.

किनाऱ्यावरच्या गाडीचा निकाल वरून लागत नाही. इंजिन उतरवून बांधता येते, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी ट्रान्स्फर केस खोलता येते, पत्र्याचे काम करणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण ज्या चासीवर हे सगळे बसते ती गेली की बाकी सगळे शाबूत असून गाडी गेलेली असते. म्हणून मी जमिनीवर गोणपाट अंथरून, गाडी जॅकवर उचलून आणि स्टँड लावून आत शिरलो. पहिली गोष्ट नाकाला जाणवली. संपूर्ण बुडाला काळे डांबरी कोटिंग मारलेले होते आणि त्याचा वास अजून ताजा होता. गुरुजींनी लगेच सांगितले की विकण्याआधी गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून एका गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने महिन्यापूर्वीच ते करून घेतले होते. ते खरे बोलत होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण गंजावर मारलेले कोटिंग गंज थांबवत नाही. ते ओल आत कोंडून ठेवते आणि पाहणाऱ्याची नजर अडवते.

नजर अडली की कान वापरायचा. मी लहान हातोडीने चासीच्या दोन्ही बाजू पुढून मागे वाजवत गेलो. जाड, निरोगी लोखंड टणटणीत वाजते. पुढच्या चाकांपासून गाडीच्या मध्यापर्यंत तसाच आवाज आला. मागच्या चाकाच्या पुढे तो थोडा मंदावला, आणि डाव्या बाजूला जिथे मागच्या पाट्याचे शॅकल, म्हणजे त्याच्या टोकाची हलती कडी, चासीला लटकते त्या हँगरपाशी हातोडी बद्द वाजली. तेच ठिकाण मी तीनदा वाजवले. स्क्रू ड्रायव्हरने कोटिंग खरवडल्यावर खाली वेल्डिंगची कड लागली. कोणीतरी पूर्वी तिथे पत्र्याचे ठिगळ जोडले होते. ठिगळाच्या बाजूला टोक टेकवून मी जेमतेम दाबले आणि स्क्रू ड्रायव्हर चासीत शिरला.

तो बाहेर ओढताना भोकातून माझ्या मनगटावर वाळू सांडली. नदीचा तांबूस गाळ मला पाठ आहे, तो हा नव्हता. ही करडी, भरड पुळणीची वाळू होती आणि तिच्यात शिंपल्यांचे पांढरे कण होते. मी एक कण जिभेवर ठेवला, तो खारट लागला. मग उरलेल्या खुणा आपोआप जुळत गेल्या. मागचा टोइंग हुक आतल्या बाजूने घासून चकचकीत झाला होता, मागची दोन चाके जोडणाऱ्या अॅक्सलवरच्या गंजाच्या खपल्या बोटाने निघत होत्या, ब्रेकची लोखंडी नळी कोटिंगखाली खडबडीत झाली होती. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीचा, बूच सैल केला तेव्हा ऑइल दुधाच्या चहासारखे गढूळ दिसले, म्हणजे पाणी आत गेले होते. गाडी पुरात नव्हती. ती समुद्रात जात होती. वारंवार, मागे होडी लावून, अॅक्सल बुडेपर्यंत.

जिप्सीची चासी पोकळ पेटीसारखी असते. खारे पाणी आत गेले की वाळू तळाशी बसते, निचऱ्याची भोके बुजतात, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवत असल्यामुळे मे महिन्यातही आतला भाग धड सुकत नाही. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेरून दिसू लागतो तेव्हा पत्र्याची जाडी संपत आलेली असते. हर्णैला मासळी उतरवायला ज्या बैलगाड्या पाण्यात जात, त्यांच्या लाकडाला जे सोसते ते लोखंडाला सोसत नाही.

फोर-व्हील ड्राइव्हची चाचणीही मी घेतली, कारण अर्धवट तपासून मत देणे मला मान्य नाही. पुढच्या चाकांचे हब लॉक करून, म्हणजे ती चाके ओढीला जोडून, गाडी डांबरी रस्त्याऐवजी माडांखालच्या मोकळ्या मातीत नेली. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या वेगातला फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळणे घेतली की सगळ्या यंत्रणेला पीळ बसतो. लो गिअर सहज पडला, चढावर निसटला नाही. ते भाग उत्तम होते, आणि मला त्याचे वाईटच वाटले.

"वेल्डिंग करून घेतलं तर?" मुलाने विचारले. मी त्याला खाली बोलावून हँगर दाखवला. मागचा सगळा भार पाट्यावरून, शॅकलवरून याच जागी चासीत उतरतो. नवी प्लेट जोडायला भोवती सशक्त लोखंड लागते आणि इथे ते वीतभर तरी उरलेले नव्हते. क्रेट भरून घाटी उतरताना हा हँगर फाटला तर मागचा अॅक्सल तिरका होईल आणि त्या वाटेला एका बाजूने कठडा नाही. "घेऊ नकोस," मी म्हणालो. मागितलेली किंमत निम्मी झाली तरी माझे मत बदलणार नव्हते.

गुरुजी इतका वेळ ओट्यावर गप्प बसून होते. ते उठले, धोतर सावरून गोणपाटावर वाकले आणि म्हणाले, "भाऊ, दर रविवारी मी नातवंडांना यातून आंजर्ल्याला नेतो. नेऊ का?"

"नका नेऊ, गुरुजी."

त्यांनी भोकात बोट घालून वाळू स्वतः काढून पाहिली. मग इंजिन, गिअर-बॉक्स आणि ट्रान्स्फर केस सुट्या भागांसाठी घेणारा माणूस मिळेल का, असे विचारून घेतले, आणि मी हो म्हटल्यावर आतून तारेचा ब्रश आणि रॉकेलची बाटली आणली. "दुसरा कोणी बघायला आला तर त्याला हे दिसलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांनी टॉर्च धरला, मुलाने रॉकेल ओतले, आणि मी त्या ठिगळाभोवतीचे काळे कोटिंग सगळे खरवडून काढले.