बैलगाडीवरचा उपग्रह

"मामा, पैसे नव्हते म्हणून बैलगाडी?" भाचीने प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलेला, इस्रोच्या 'ॲपल' उपग्रहाचा बैलगाडीवरचा फोटो पुढे केला. मी चहात बिस्किट बुडवत म्हणालो, "हो ना. गरिबी होती तेव्हा."

रात्री झोपताना ते टोचायला लागलं. कारण उत्तर चूक होतं. अँटेनाची चाचणी घ्यायची, तर आजूबाजूला धातू नको. ट्रकपेक्षा लाकडी गाडी बरी, एवढाच हिशोब.

पैशाची ओढाताण होतीच म्हणा. १९८१ साली 'ॲपल' गेला तो युरोपच्या 'एरियन' रॉकेटच्या चाचणी उड्डाणातून, फुकट मिळालेल्या जागेवर. वर गेल्यावर एक सौर पंख उघडलाच नाही. उरलेल्या एका पंखाच्या विजेवर इस्रोच्या मंडळींनी तो दोन वर्षं चालवला. हात बसला तो असा. 'इन्सॅट-१' ही दळणवळण उपग्रहांची मालिका अमेरिकेतल्या फोर्डच्या कंपनीकडून विकत घेतलेली. १९९२ चा 'इन्सॅट-२ए' मात्र घरचा. 'इन्सॅट'च्या खर्चालाही टपाल-तार, दूरदर्शन, आकाशवाणी, हवामान खातं असे भागीदार. एकट्या इस्रोला परवडलं नसतंच.

सकाळी हे सगळं भाचीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पण मी 'गरिबी' लिहून टाकलंय. पेनाने."

व्हाइटनर आहे का कुणाकडे?